चाकोरीच्या मापाची मोटर

त्या माणसाने माझे एकही पत्रक कधी वाचले नाही. पाठीमागची कोरी बाजू मात्र एकाही पत्रकाची सोडली नाही.

‘जमीन कोणाची?’ असा जळजळीत मथळा मी द्यावा, गोंदियाच्या छापखान्यात उभे राहून प्रती काढून घ्याव्या, झोळीत घालून कोहमाऱ्याच्या पक्क्या सडकेपासून आठ मैल चालत गावात आणाव्या, आणि सकाळी उठून पाहावे तर निम्म्या प्रतींच्या पाठीवर पेन्सिलीने चाके, दांडे आणि बोल्ट. विचारले की उत्तर ठरलेले.

“समोरचं तुजं, मांगचं माजं. कागद दोघायचा.”

गावात त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. गोंदियाच्या एका राईस मिलचे इंजिन त्यांनी वीस वर्षे सांभाळले होते. मग मालकाशी वाजले आणि हत्यारांची पेटी डोक्यावर घेऊन ते गावी परत आले. कशावरून वाजले ते मी पुष्कळदा विचारले, कारण मला त्यावर पत्रक काढायचे होते. शेवटी एकदा म्हणाले, “मी म्हनलं इंजिनाचा पट्टा झाकून ठेवा, माणसाचा हात जाते. तो म्हने, तुजा जाते काय? मी म्हनलं, नाही जी, मीच जातो.” एवढेच. ज्या अन्यायावर चार रकाने उभे राहिले असते तो हा माणूस दोन वाक्यांत संपवायचा आणि पुन्हा कानशीने बोल्ट घासत बसायचा. मला फार राग यायचा. अजूनही थोडा येतो.

मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा, तिरोड्याहून आलेला, सभा घेणारा. त्यांच्या घराच्या छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, मला जागा दिली होती. खुर्ची त्या घरात एक होती आणि तिच्यावर मिस्त्री कधी बसले नाहीत. तिच्यावर सुटे भाग ठेवलेले असत. वाटेत लोखंड दिसले की ते वाकायचे. नालेचा तुकडा असो की गाडीची खीळ, कमरेच्या पिशवीत जायची. मोजायला टेप नव्हता. गाठी मारलेली एक सुतळी होती, आणि कोणती गाठ कशाची ते त्यांनाच ठाऊक. इंजिनातला बिघाड शोधायचा तर बांबूची काडी एका टोकाने लोखंडाला टेकवायची, दुसरे टोक दातांत धरायचे आणि डोळे मिटायचे. गावातले म्हातारे सांगत की मिस्त्री दाताने ऐकतो.

माझे एक भाषण त्यांनी तसेच, डोळे मिटून ऐकले होते. नंतर म्हणाले, “आवाज जोरात हाय तुजा. पन कोठंतरी हवा खाऊन राहिला. ताकद चाकापावतर जाऊन नाही राहिली.”

आता मुख्य गोष्ट सांगतो.

तेव्हा आमचा भाग मध्यप्रदेशात होता. आसपासच्या गावांना आठवड्यातून एकदा फिरता दवाखाना जायचा. एक मोटर, तिच्यात डॉक्टर आणि औषधांची पेटी. आमच्या गावाला येत नसे. मी अर्ज केला. कचेरीने कागदावर शेरा मारला की मार्ग मोटारीस योग्य नाही, सबब दवाखाना पाठवता येत नाही. बरे, मग मार्ग करून द्या म्हणून दुसरा अर्ज केला. त्यावर शेरा आला की सदर गावी मोटारीची ये-जा नसल्यामुळे मार्गाची निकड दिसत नाही. हे दोन्ही शेरे एकाच हाताचे होते. मोटर नाही म्हणून रस्ता नाही आणि रस्ता नाही म्हणून मोटर नाही. अशा शहाणपणाला पगार मिळतो.

मी कचेरीत जाऊन साहेबासमोर उभा राहिलो. मिस्त्री सोबत होते, त्यांना शहरात व्हॉल्व्ह घासायची पूड घ्यायची होती. साहेब वाईट नव्हता, फक्त कंटाळलेला होता. म्हणाला, “देखो, बारिश से पहले एक मोटर उस रास्ते से निकालकर यहाँ ले आओ. मैं अपने हाथ से ये लाइन काट दूँगा. नहीं तो फाइल बंद.” मागचे कारकून हसले.

मी रागातच बाहेर आलो. त्याच दिवशी छापखान्यात बसून पत्रक लिहिले, ‘आंधळी कचेरी, लंगडा कारभार’. मिस्त्री दारात विडी ओढत उभे होते. त्यांनी एकच विचारले, “हातानं काटीन म्हनला न तो?”

“मिस्त्री, तो थट्टा करून राहिला होता.”

“थट्टेतच म्हनला. पन म्हनला.” मग पत्रकांच्या गठ्ठ्याकडे पाहून म्हणाले, “हे आत्ताच वाटू नोको. पावसापावतर थांब.”

मी थांबलो. का थांबलो? कारण परतीच्या वाटेवर त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. चालता चालता, सुतळीच्या गाठी चाचपत सांगितली. “माजा लहाना भाऊ याच वाटेनं नेला होता. खासरीत तनस टाकली, तिच्यावर निजवला. पोट दुखून राहिलं होतं त्याचं. कोहमाऱ्यापावतर बोलत होता.” खासर म्हणजे आमच्याकडची बैलगाडी, तनस म्हणजे धानाचा पेंढा. त्या दिवशी ती सूर्य उगवताना निघाली होती आणि दिवेलागणीला गोंदियात पोचली होती. कोहमाऱ्यानंतरचे मिस्त्रींनी सांगितले नाही. मी विचारलेही नाही, आणि मी सहसा विचारल्यावाचून राहत नाही.

मोटर कुठून आणायची? एक होती. मालगुजाराच्या, म्हणजे गावाच्या जुन्या जमीनदाराच्या, गोठ्यात.

मालगुजारी सरकारने काढून घेतली तशी त्याची मोटरही बसली. एका मोरीवरून कलंडून तिचा सांगाडा पिळवटला होता, लाकडी अंग वाळवीने खाल्ले होते आणि मागच्या गादीवर कोंबड्या अंडी घालत होत्या. पण पुढच्या झाकणाखाली चार सिलिंडरचे इंजिन होते आणि मिस्त्रींनी दातात काडी धरून, हाताने फिरवून पाहिले होते. ते जिवंत होते.

एक गोष्ट मी येथे स्पष्ट लिहितो, कारण पुढे कोणी लिहिणार नाही. ही मोटर याच वाटेने यायची जायची. कशी? मालगुजार येणार असला की आदल्या दिवशी कोतवाल दवंडी द्यायचा आणि गाव बेगारीवर लागायचे. बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या, हातभर खोल, उन्हाने विटेसारख्या भाजलेल्या, त्या टोपल्या-टोपल्यांनी मुरूम टाकून बुजवायच्या. मालगुजार गेला की चार दिवसांत गाड्या पुन्हा त्या पाडायच्या. पुढल्या खेपेला पुन्हा टोपल्या. एका माणसाचे बूड हलू नये म्हणून आख्खे गाव वाकत होते.

मी म्हणालो, ती मोटर गावाची आहे, तिच्यात गावाची मजुरी आहे, आपण मोर्चा नेऊन ती ताब्यात घेऊ.

“तू मोर्चा काढ,” मिस्त्री म्हणाले. “तवरी मी नट खोलतो.”

त्यांनी मालगुजाराचे बंद पडलेले पाण्याचे पंप नीट करून दिले आणि बदल्यात इंजिन, त्यावरचे झाकण, मागचा-पुढचा आस आणि चाके घेतली. मालगुजार म्हणाला, कोंबड्या तेवढ्या ठेवून जा.

सांगाडा नवा करायचा होता. मिलच्या भंगारातून दोन लांब लोखंडी पट्ट्या आल्या. आडवे तुकडे सागवानाचे, आणि ते करायला डोमा सुतार. डोमा आमच्या पंचक्रोशीत बैलगाड्या करणारा. त्याच्या गाडीचा आस म्हणे बैल म्हातारा झाला तरी कुरकुरत नाही. हा डोमा मिस्त्रींचा बालमित्र, आणि दोघांत दिवसभर भांडण.

पहिलेच भांडण रुंदीवरून. मी म्हणालो, कंपनीने ठरवलेले माप आहे तेच ठेवा. मिस्त्रींनी मला आणि डोमाला घेऊन आठ मैल वाट तुडवली. दहा ठिकाणी चाकोरीवर आडवी सुतळी धरली. दहाही ठिकाणी एकच गाठ आली. मोटरीची गाठ तिच्या अलीकडे चार बोटे.

“एक चाक चाकोरीत, दुसरं वर. कलंडन नाही तं काय?” मिस्त्री तिथेच उकिडवे बसले. “आजपावतर रस्ता मोटरीपुढं वाकला. आता मोटर रस्त्यापुढं वाकन.”

लोहाराकडून जाड लोखंडी चकत्या करून घेतल्या, चाक आणि आस यांच्या मधे बसवल्या, आणि चाके बाहेर सरकली. नेमकी खासरीच्या मापाला. त्या दिवशी मी मिस्त्रींना म्हणालो की तुमच्या या वाक्यावर मी पत्रक काढतो. ते म्हणाले, काढ, पाठ कोरी ठेव.

मग इंजिन बसवायचा दिवस. तीन लांब बल्ल्या उभ्या करून वर एकत्र बांधल्या आणि त्यांना विहिरीची गडगडी टांगली. विहिरीचा दोरही तोच. मिस्त्रींची बायको घागर घेऊन आली आणि विहीर उघडी पाहून उभी राहिली.

“आन मी पानी कशानं काढू? तुमच्या इंजिनानं?”

“दोपारपावतर थांब वो.”

“थांबते मी. तहान थांबन काय?” असे म्हणून ती शेजारी गेली, पण जाताना इंजिनाला कुंकू लावून गेली.

इंजिन हवेत लोंबत होते आणि खाली दोघे भांडत होते की ते ठेवायचे कुठे. डोमाने विचारले, “भार कोठं ठेवता?”

“पुढं. मालगुजाराच्या मोटरीत पुढंच होता.”

“पुढं नोको,” डोमा म्हणाला. “धुरजड होईन. बैलाच्या मानेले गाठ येते. भार आसावर पायजे, थोडा मांगं.” धुरजड म्हणजे पुढून जड. त्याच्या बापाने, आज्याने, सगळ्यांनी गाड्या अशाच केल्या होत्या, आणि त्याच्या गाडीखाली बैलाची मान कधी सुजली नव्हती.

मिस्त्री विचारात पडले. त्यांच्या हयातीत त्यांनी सांभाळलेले एकुलते एक इंजिन सिमेंटच्या ओट्यात रोवलेले होते. ते कधी जागचे हलले नव्हते, तेव्हा पुढे-मागे हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. डोमाचे म्हणणे त्यांना पटले. मलाही पटले, आणि मी तर चार पुस्तके वाचलेला. इंजिन दोन वीत मागे बसले, चालवणाऱ्याच्या मांडीला लागून. मागच्या चाकांकडे जाणारा पोकळ दांडा त्यामुळे लांब पडू लागला, तो लोहाराने कापून दिला. कापलेला तुकडा मिस्त्रींनी बायकोला दिला. ती त्याची फुंकणी करून चूल पेटवू लागली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली की यायनं हत्तीची सोंड आनली घरात.

तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही की या गाडीला बैल नाहीत.

रेडिएटर गळत होता. त्यात मूठभर हळद टाकली आणि तो मिटला. इंजिन सुरू झाले तेव्हा गावातली सगळी कुत्री तळ्यापलीकडे पळाली. मिस्त्री स्टिअरिंगच्या चाकावर, मी शेजारी, डोमा मागे धानाच्या पोत्यासारखा. चाकोरीत गाडी अशी चालली की मिस्त्रींनी दोन्ही हात सोडून दाखवले. तळ्याच्या पाळीचा, म्हणजे बांधाचा, चढ आला, तिथे वाट डावीकडे वळते. मिस्त्रींनी चाक डावीकडे फिरवले. पूर्ण फिरवले. गाडी सरळच गेली. पुढची चाके वळलेली होती, पण जमिनीला नुसती शिवत होती. पुढून हलकी झालेली ती गाडी मान वर करून पाळ चढली, उतरली आणि तळ्याच्या पाझराने ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, जाऊन शांत उभी राहिली.

आधी मी बोललो. मी म्हणालो, आता झाले, पंधरा दिवसांत पाऊस लागेल, फाइल बंद होईल, आणि हे सगळे आपल्या अडाणीपणामुळे. असे मी म्हणालो, त्याची आजही लाज वाटते.

मिस्त्री खाली उतरले. पुढच्या चाकाखाली त्यांनी हात घातला आणि गाडीचे तोंड जरासे उचलून पाहिले. मग डोमाला म्हणाले, “डोमा, इकडं ये. पुढं बस. इथं, झाकनावर.”

“कायले?”

“बस न गा.”

डोमा चांगला दणकट माणूस. तो झाकणावर मांडी घालून बसला. बैलांनी ओढून गाडी पाळीवर आणली, मिस्त्रींनी ती सुरू केली, पुन्हा तेच वळण. चाक डावीकडे फिरवले आणि गाडी डावीकडे वळली.

डोमा पुढून ओरडला, “आता मले रोज इथंच बसवान काय?”

“तुले नाही. तुज्या वजनाचं लोखंड हाय आपल्यापाशी.”

डोमा खाली उतरला, गाडीच्या तोंडाकडे पाहत राहिला आणि हळूच म्हणाला, “बैलच नाही न हिले.” मग असा हसला की त्याला पाळीवर बसावे लागले.

इंजिन दोन वीत पुढे सरकले. पुन्हा बल्ल्या, पुन्हा विहिरीचा दोर, पुन्हा बायकोचे बोल. आता दांडा तोकडा पडला. मिस्त्री स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

“ती फुंकनी दे वो.”

तिने फुंकणी पुसून दिली. “आनाल तवा नवी आना. बारीक आना,” म्हणाली. लोहाराने आत गाभा घालून, रिव्हेट मारून तुकडा जोडला. तेव्हापासून ती गाडी वेगात आली की शंखासारखी घुमते आणि बाया सांगतात, मिस्त्रीनबाईची फुंकनी वाजून राहिली.

ढग जमायला लागले होते त्या सकाळी आम्ही निघालो. समोर तारेने बांधलेला मालगुजाराच्या मोटरीचा जुना नंबरचा पत्रा. आठ मैल चाकोरी, मग कोहमाऱ्याची सडक, मग गोंदिया. दुपारचे जेवण व्हायच्या आत आम्ही कचेरीच्या आवारात घुमत उभे होतो. ज्या वाटेला भावाला नेताना सूर्य मावळला होता तिला अर्धा दिवसही लागला नाही. उतरून मिस्त्रींनी एकदा झाकणावर हात ठेवला.

साहेब खाली आला, मागे कारकून. इंजिन चालूच होते; बंद केले तर पुन्हा सुरू होईल याची आम्हाला खात्री नव्हती. साहेबाने गाडीला दोन फेऱ्या घातल्या. “ये बनाया किसने? कोई नक्शा है?”

मिस्त्रींनी बंडीच्या खिशातून घडी काढली आणि झाकणावर पसरली. साहेबाने चित्र पाहिले. इंजिन, आस, दोन वीत. चांगला वेळ पाहिले. मग सवयीने कागद उलटा केला.

‘आंधळी कचेरी, लंगडा कारभार.’

गठ्ठा छपरीत पडून होता. मिस्त्रींनी त्याचीही पाठ सोडली नव्हती.

साहेब मराठी सावकाश वाचायचा. पहिला परिच्छेद वाचला, दुसरा वाचला. तिसऱ्यात त्याच्या खुर्चीविषयी मजकूर होता. “ये किसने लिखा है?”

मी मैदानात हजार माणसांसमोर बोललेला, पण तिथे मी आधी मिस्त्रींकडे पाहिले. आख्ख्या गावाचा दवाखाना माझ्या एका मथळ्याखाली येत होता. शेवटी म्हणालो, “मैंने.”

कारकून आता हसत नव्हते. मिस्त्रींनी पुढे होऊन कागद साहेबाच्या हातातच पुन्हा पालटला.

“साहेब, वो बाजू पुरानी है. तब गाडी नहीं थी. ये बाजू देखो.”

साहेबाने मिस्त्रींकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मग पुन्हा चित्राकडे. त्याने फाइल मागवली. झाकणावर ठेवली आणि त्या दोन्ही शेऱ्यांवर रेघ ओढली. खाली इंजिन थरथरत होते, म्हणून रेघ नागमोडी आली. त्या कचेरीतली ती सर्वांत सुंदर रेघ आहे असे माझे मत आहे.

ते पत्रक मी पुढे वाटले नाही. त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. पण सगळ्या प्रतींच्या पाठी भरल्या होत्या.

दवाखाना दिवाळीनंतर, वाट सुकल्यावर, एका गुरुवारी आला. म्हणजे आला असे म्हणवत नाही. दोन मैलांवर अडकला. कंपनीच्या मापाची गाडी, एक चाक चाकोरीत, दुसरे वर, खाली मधला उंचवटा लागलेला. ड्रायव्हर खाली उतरून रस्त्याला शिव्या देत होता. मिस्त्री आपली गाडी घेऊन गेले, विहिरीचा दोर बांधला आणि घुमत घुमत सरकारला गावात ओढून आणले. बायकोने आधी दोर परत मागितला आणि मग छपरीत डॉक्टरसमोर पहिली जाऊन बसली, दुखरा डोळा दाखवायला. माझ्या जागेवर. तिच्यामागे गाव.

मिस्त्री रांगेत नव्हते. मी शोधू लागलो, तर दवाखान्याच्या मोटरीखालून दोन पाय बाहेर आले होते.

“चार बोटं,” खालून आवाज आला. हातात सुतळी होती. मग ड्रायव्हरला उद्देशून, “तुमाले चार बोटं कमी हायेत, बाबू. चकत्या पडून हायेत माज्यापाशी. डाक्टर सुया मारते तवरी होऊन जाईन.”

ड्रायव्हरने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. म्हणाला, “साहब को मालूम नहीं होना चाहिए.”

त्याला पुष्कळ दिवस झाले. राज्य बदलले, साहेब बदलला, फाइलींची भाषाही बदलली. मीही आता गोंदियात असतो आणि पत्रके दोन्ही बाजूंनी छापतो, कागद महाग झाला आहे. गाव मात्र सुटलेले नाही. दवाखाना दर गुरुवारी येतो, सकाळी नऊला, कोणी न ओढता. त्या सरकारी गाडीच्या चारही चाकांत मिस्त्रींच्या चकत्या आहेत, आणि कचेरीच्या एकाही कागदावर त्यांची नोंद नाही.